पितृपंधरवड्यात मोलेला

गवयाच्या घरी पितृपंधरवडा म्हणजे हक्काच्या बेकारीचे दिवस. गणपतीचे कार्यक्रम आटोपलेले असतात, नवरात्र दाराशी येऊन ठेपलेले असते, आणि मधल्या पंधरा दिवसांत कोणी मंगलकार्य काढीत नाही की बैठक ठरवीत नाही. माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यातले, अगदी शेवटच्या भरतीचे गायक. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. या पंधरवड्याला ते ‘गळ्याची सुट्टी’ म्हणत. तंबोऱ्यांच्या तारा सैल करीत, गवसण्या उन्हात टाकीत आणि शिष्यांना सांगत, ‘आता पंधरा दिवस गाऊ नका, नुसते ऐका.’ काय ऐकायचे ते मात्र सांगत नसत.

गेल्या भाद्रपदात माझ्या चार शिष्यांना घेऊन मी गोव्यात मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला तीन रात्री राहुटीत काढल्या. ही बातमी घरात फुटताच मातोश्रींनी पहिला आक्षेप घेतला तो पंचांगाचा. पितृपक्षात कोणी सहलीला जाते का? वडिलांची तिथी दशमीची. श्राद्ध थोरले बंधू करतात, परंतु पानाला मीही असावे अशी त्यांची अपेक्षा. दशमीच्या आत परत येतो असे वचन देऊन मी निघालो. शिष्यांच्या आईबापांचा आक्षेप निराळा होता. गोव्याला जायचे तर डिसेंबरात जावे, आणि जंगलात तर ऑक्टोबरानंतर. दूधसागराच्या जीपगाड्या पावसाळ्यात बंद असतात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात सुरू होतात, मग सप्टेंबरात जाऊन पाहणार काय? मी म्हटले, पाहायला नव्हेच, ऐकायला जातो आहोत. त्यावर ती मंडळी एकमेकांकडे पाहून जे हसली ते हसू वाचकांना सांगायला नको.

माझी सासुरवाडी धारगळची. म्हापशाहून उत्तरेस निघून कोलवाळचा पूल ओलांडला की हे पेडणे महालातले गाव लागते. हा महाल मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीजांकडे गेला. त्यामुळे आपल्यासारख्या संस्थानी माणसाला तिथली बोली, तिथले मान-अपमान आणि जेवणावळीतला आग्रह फारसा परका वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी जावई म्हणून प्रथम तिथे गेलो, तेव्हा रात्री अंगणात बसले की जांभ्या दगडाच्या माळावरून येणारा वारा, विहिरीवरच्या रहाटाची एखादी कुरकुर आणि लांब कुठे तरी कुत्रे, इतकेच कानांवर येई. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या पठारावरचा विमानतळ सुरू झाला. आज त्याच अंगणात बसले की बोलता बोलता मध्ये थांबावे लागते. विमान डोक्यावरून गेले की वाक्य पुढे चालू करावयाचे. घरच्या माणसांना आपण थांबतो हे आता कळतही नाही. मी स्वतः त्याच विमानतळावर उतरलो होतो, हेही लपवीत नाही.

माझा मेहुणा व्यवहारी माणूस आहे. बेत ऐकून तो म्हणाला, ‘भावोजी, तिथे आता जळवांशिवाय कोण भेटणार तुम्हाला? शांतताच हवी तर आमच्या माळ्यावर निजा.’ आणि नेमके त्याच वेळी विमान गेले. आम्ही दोघेही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, उसगाव असे करीत मोटारीने मोले गाठले. वाटेत खाणपट्ट्यातले तांबडे डोंगर लागतात. त्यांविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल. मोलेच्या अभयारण्याला भगवान महावीरांचे नाव आहे. एकंदर क्षेत्र २४० चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यातल्या १०७ चौरस किलोमीटरांना १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वनखात्याच्या हद्दीत वाटेल तिथे राहुटी ठोकता येत नाही, आणि येऊ नये हेच योग्य. आम्ही हद्दीबाहेरच्या एका कुळागरात उतरलो. पोफळी, केळी, मिरीचे वेल, मधून वाहणारे पाटाचे पाणी, आणि पलीकडच्या बांधापासून अरण्य सुरू. कुळागराचे मालक वृद्ध गृहस्थ. त्यांनी अटी दोनच घातल्या. रात्री बांध ओलांडायचा नाही आणि मोठ्याने वाजणारे काही आणायचे नाही. ‘गेल्या वर्षी एक मंडळी पेटी घेऊन आली होती,’ ते म्हणाले. मी संगीतशिक्षक, मला वाटले हार्मोनियम. त्यांना ध्वनिक्षेपकाची पेटी म्हणायची होती.

पहिली रात्र फुकट गेली, हे कबूल करतो. शिष्य पंचवीस वर्षांच्या आतले, शहरात वाढलेले. अंधार पडताच त्यांनी बोलायला सुरुवात केली ती थांबेना. एकाने तंबोऱ्याचे यंत्र आणले होते, तेही लावून झाले. माणूस निःशब्दतेला भितो म्हणून बोलतो असे नव्हे. तिथे निःशब्दता नव्हतीच. रातकिड्यांचा आणि बेडकांचा गजर इतका होता की शेजारच्याशी आवाज चढवून बोलावे लागे. एक शिष्या म्हणाली, ‘सर, तुम्ही तर शांतता म्हणाला होतात.’ प्रश्न रास्त होता, आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. ते दुसऱ्या रात्री मिळाले.

दुसऱ्या रात्री मी एक नियम केला. पाऊण तास कोणी बोलायचे नाही, यंत्र बंद, दिवा बंद. पहिली दहा मिनिटे तोच गजर. मग कान हळूहळू उकलू लागला. तो गजर एकच नव्हता. अगदी वरच्या पट्टीत, कानाच्या टोकाशी, किड्यांची अखंड तार होती. तिच्या खाली मधल्या पट्टीत कुठला तरी लहान बेडूक टिचकी दिल्यासारखा टक् टक् करी, आणि त्याला पाटाच्या पलीकडून दुसरा उत्तर देई. दोघे एकमेकांवर कधी चढत नसत. पार खालच्या पट्टीत पाणी. आणि या तिन्हींच्या मध्ये मोकळी जागा होती. त्या जागेत एखादे घुबड एक शब्द टाकी आणि तो स्पष्ट ऐकू येई. बर्नी क्राउझ नावाचा एक अमेरिकन, मुळात वादक, पुढे आयुष्यभर अरण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करीत फिरला. त्याचे म्हणणे असे की, जिवंत अरण्यात प्रत्येक प्राणी आपापली पट्टी आणि आपापली वेळ धरून बोलतो; नाही तर त्याचे बोलणे त्याच्या जातभाईपर्यंत पोहोचणारच नाही. हे वाचताना मला ते थोडे कविकल्पनेसारखे वाटले होते. मोलेच्या बांधावर बसल्यावर वाटले, की ज्याने एकदा तरी चार साथीदारांबरोबर मैफल केली आहे त्याला यात नवल काय वाटावे? तबल्याने बायाची गुमक सारंगीच्या जागेत घुसवली तर बुजुर्ग गवई नुसती मान वळवून पाहत असे. तेवढ्याने काम होई.

याच क्राउझची दुसरी एक हकीकत मला विसरता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात एके ठिकाणी एका लाकूड कंपनीने लोकांना सांगितले, की आम्ही सगळे रान तोडणार नाही. मधले मधले निवडक वृक्ष तेवढे काढू, रानाला धक्का लागणार नाही. क्राउझने तोडीपूर्वी, १९८८ साली, तिथली पहाट ध्वनिमुद्रित केली आणि तोडीनंतर वर्षाने पुन्हा त्याच जागी, त्याच दिवसांत गेला. डोळ्यांना रान होते तसेच दिसत होते. छायाचित्रात फरक ओळखू येत नव्हता. ध्वनिमुद्रणात मात्र ओढ्याचे पाणी आणि एक-दोन पाखरे एवढेच उरले होते. डोळा फसला, कान फसला नाही. आपल्याकडे विकासाच्या सगळ्या वाटाघाटी डोळ्यांच्या साक्षीने चालतात: किती झाडे गेली, किती हेक्टर गेले, त्याऐवजी दुसरीकडे किती लावली. कानाची साक्ष कोणी काढीत नाही.

तिसऱ्या पहाटेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. साडेपाचच्या सुमारास, अजून काळोख असताना, ओढ्याच्या अंगाने कोणी तरी शीळ घातली. माणसाची शीळ, तीही रिकामटेकड्या माणसाची. सूर धरायचा, सोडायचा, मध्येच भलतीकडे वळायचे. एक शिष्य चटकन उठून बसला, त्याला वाटले कोणी तरी येते आहे. तो कस्तूर होता, सह्याद्रीतला शीळ घालणारा निळा-काळा कस्तूर. इंग्रज लोक त्याला शाळेला दांडी मारून शिट्या घालीत हिंडणारा पोरगा म्हणत. पावसाळा हा त्याचा गाण्याचा हंगाम. ऑक्टोबरात जीपगाड्या सुरू होतात तोवर हे गाणे बहुधा आवरते घेतलेले असते. म्हणजे ज्याला आपण बिनमोसम म्हणतो तो त्याचा भर मोसम. आमच्यात लगेच वाद सुरू झाला. एकीचे म्हणणे, तो मध्यमावर थांबतो; दुसऱ्याचे म्हणणे, तोच त्याचा षड्ज. पाखराचे सूर आपल्या सप्तकात बसवण्याचा हा अट्टाहास खोटा आहे, हे मी त्यांना सांगितले. पण मनातून मला आनंद झाला, कारण तीन वर्षांत ही मुले प्रथमच एखाद्या सुरावरून भांडत होती. वर्गात ती माझे सूर मुकाट्याने घेतात.

त्याच सकाळी उजाडल्यावर डोक्यावरून हुस् हुस् असा आवाज गेला, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा. तो थोरला धनेश. त्याच्या पंखांच्या पिसांतून हवा वाट काढीत जाते म्हणून त्याचे उडणे लांबूनही ऐकू येते. वनखात्याच्या पाट्यांवर धनेशाचे चित्र असते, आवाज नसतो. मग तांबडी सुर्ल्याला गेलो. कदंबांच्या काळातले काळ्या दगडाचे लहानसे महादेवाचे देऊळ आहे, सात-आठशे वर्षांचे. आत दुसरे कोणी नव्हते. पुजाऱ्याची परवानगी घेऊन मंडपात चौघांनी हलक्या आवाजात षड्ज लावला आणि थांबले. थांबल्यावर दगडातून जे परत आले ते ऐकून तंबोऱ्याचे यंत्र आणणारा शिष्य एकदम गप्प झाला. वडील आम्हा भावंडांना तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतला गंधार ऐकायला बसवीत. कोणी छेडलेला नसतो, तरी असतो. मला तो ऐकू यायला दोन वर्षे लागली. या मुलाला तो यंत्रातून कधीच आला नव्हता, आणि मी खोटे सांगतो असे त्याला वाटत असावे. बडोद्याला परतल्यावर त्याने घरातला जुना मिरजेचा तंबोरा मागून नेला आहे. ऐकू आला की नाही हे मी अजून विचारलेले नाही.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळतो. मोलेच्या अरण्यातून पोर्तुगीज अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेला लोहमार्ग जातो; कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणारा. चढ सदतीसास एक, म्हणून गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रात्री तिचा घरघराट घाटातून वर चढत जातो, बराच वेळ ऐकू येतो आणि मग विरतो. तो विरल्यावर बेडूक पुन्हा आपल्या जागी येतात. मला त्या गाडीचा राग आला नाही. येणारा आणि जाणारा आवाज अरण्य पचवते. न थांबणारा आवाज पचवता येत नाही. म्हणूनच या अरण्यातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी अशा तीन कामांना वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची संमती मिळाली, तेव्हा गोव्यातली तरुण मुले रस्त्यावर उतरली. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची ती संमती रद्द ठरवली. न्यायालयापुढे वाघांचे संचारमार्ग, झाडे, पाणी हे सारे आले; यावेच. पण आवाज हाही अरण्याचा एक अवयव आहे, हे तिथे कोणी संगीताच्या माणसाने जाऊन सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आम्ही गाणारे-वाजवणारे अशा वेळी कुठे असतो? रियाज करीत असतो.

परतीच्या वाटेवर धारगळला एक रात्र काढली, तेव्हा मेहुण्याशी या विषयावर चांगलीच जुंपली. २०२४ च्या डिसेंबरअखेर धारगळच्या माळावर विजेच्या वाद्यांचा तीन दिवसांचा मोठा जलसा झाला. गावात दोन तट पडले होते, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मेहुणा पहिल्यापासून जलशाच्या बाजूचा. त्याचे म्हणणे मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण ते उडवून लावण्यासारखे नाही. ‘भावोजी, तुम्ही तीन दिवस झोपला नाहीत असे म्हणता, माझ्या दोन खोल्या त्या तीन दिवसांत भरल्या. पोरांना गावात काम मिळाले. तुमच्या बडोद्यात राजवाड्याच्या भिंती आहेत, तुम्हाला शांतता परवडते. आणि आमच्या देवळात दशावतार रात्रभर चालतो तो? त्याला आवाज म्हणत नाही तुम्ही.’

राजवाड्याचा टोला मला लागला. वडील सांगत, दरबारात गाणे सुरू होण्यापूर्वी चोपदार फक्त उभा राही, आणि मग पंख्याच्या दोरीचासुद्धा आवाज येत नसे. लहानपणी मला ते फार थोर वाटे. आज कळते की ती शांतता हुकमाची होती, आणि तिचा उपभोग घेणारे मोजके लोक होते. बाहेरच्या माणसाला तिच्यात जागा नव्हती. पण म्हणूनच मला वाटते, राजे गेल्यावर जी शांतता सगळ्यांच्या मालकीची उरली ती अरण्यातली. तिला चोपदार लागत नाही आणि तिकीटही थोडेच असते. ती गेली तर श्रीमंत माणूस काचेच्या बंद खोलीत आपली सोय करून घेईल. माझ्या शिष्यांपैकी तिघे दोन खोल्यांच्या घरात राहतात, त्यांनी कुठे जावे?

दशावताराचे उत्तर मात्र मी दिले. दशावताराच्या पेटी-मृदंगाला आणि नटाच्या गळ्याला एक मर्यादा होती. ज्याला ऐकायचे तो चालत जाई, ज्याला निजायचे तो निजे. विजेने ती मर्यादा काढून टाकली. दोष संगीताच्या जातीचा नाही. मोठाल्या ध्वनिवर्धकांवर आमचा ख्याल लावला तरी पाच मैलांवरच्या आजाऱ्याला तो छळच होईल, आणि तसे करणारे महाभाग आमच्यातही आहेत.

कायदा नाही असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची तरतूद आहे: दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलांची मर्यादा. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरांचा पट्टा आपल्याला ठाऊक असतो. पण शासनाने जाहीर केलेले अन्य क्षेत्रही त्यात येऊ शकते. मग मोलेच्या हद्दीला लागून असलेल्या वाड्यांवर, कुळागरांत, निवासांत ध्वनिक्षेपकाला कायमची बंदी का नसावी? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात गॉर्डन हेम्प्टन या गृहस्थाने २००५ साली एका ओंडक्यावर तांबडा खडा ठेवला आणि सांगितले, की या एक चौरस इंचावर माणसाचा आवाज येऊ द्यायचा नाही. तेवढी इंचभर जागा राखायची तर भोवतीचे मैलोगणती रान आपोआप राखावे लागते. आपल्याकडे खडा ठेवायचीही गरज नाही. तांबडी सुर्ल्याचा महादेव आधीच बसला आहे.

आणखी एक मागणे आहे, ते सरकारकडे नव्हे, आपल्याकडे. पावसाळ्यात वनखाते धबधब्यांच्या वाटा बंद करते त्यावर आपण कुरकुरतो. ती बंदी माणसे बुडतात म्हणून असेल, पण तिच्यामुळे त्या रानाला चार महिने स्वतःचे ऐकू येते. त्या बंद वाटा उघडण्याचा आग्रह आपण धरू नये. बाहेरच्या कडेला, चार-पाच माणसांनी, मोसम नसताना जावे. गाण्याच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा आपली मुले न्यावीत आणि त्यांना काही शिकवू नये. परीक्षेच्या अभ्यासक्रमात राग किती आणि ताल किती याच्या याद्या असतात. ऐकण्याचा एक तास कुठल्याच वर्षाला लावलेला नाही.

वचन दिल्याप्रमाणे दशमीच्या आदल्या रात्री मी बडोद्यात पोहोचलो. रस्त्यावर गरब्याच्या मैदानांत ध्वनिवर्धकांचे मनोरे चढत होते, आणि ‘हॅलो, एक, दोन, तीन’ चालू होते. श्राद्धाच्या दिवशी गच्चीवर पान ठेवले तेव्हा कावळा बराच वेळ आला नाही. मातोश्रींनी माझ्याकडे पाहिले. बंधू म्हणाले, मैदानावरच्या चाचणीने पाखरे बुजली असतील. चाचणी थांबल्यावर तो आला.

चार दिवसांपूर्वी मेहुण्याचा मोबाइलवर निरोप आला. पुढच्या पितृपंधरवड्यात मोलेला यायचे म्हणतो, माणसे किती नेणार आणि जळवांवर काय लावतात ते विचारतो. तंबाखूचे पाणी, म्हणून कळवले आहे. आणि माणसे सहाच्या वर नकोत.